यंत्राने दाखवलेला अंगठा

सही करता येणं हा या राज्यात एके काळी मोक्ष होता. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. दिवसभर पोरांना शिकवून घसा बसलेले मास्तर रात्री कंदील पेटवून पोरांच्या आईबापांना शिकवायला बसले. नांगर धरलेल्या आणि जातं ओढलेल्या बोटांना पाटीवरची पेन्सिल जड जायची. तरी गाव चिकाटीने साक्षर व्हायचं आणि मग थाटात ग्रामगौरव समारंभ व्हायचा. सगळ्यांचा शत्रू एकच होता : जांभळ्या शाईत बुडालेला डाव्या हाताचा अंगठा. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती.

त्यानंतर विज्ञानाने एवढी मजल मारली की आता पीएच.डी. झालेला माणूससुद्धा अंगठाच देतो. बँकेत अंगठा, रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठा, ऑफिसच्या दारात अंगठा, रेशनच्या दुकानात अंगठा. समस्त जनतेला एका ओळीत आणायचं जे काम संतांना जमलं नाही आणि सुधारकांनाही जमलं नाही, ते काचेच्या एका इवल्याशा चौकोनाने करून दाखवलं. सगळे समान, सगळे अंगठेबहाद्दर.

फरक म्हणाल तर एकच. पूर्वीचा अंगठा नापास होत नसे. सावकार व्याजावर व्याज चढवायचा, दोनाचे वीस करायचा, शेवटी जमीनही गिळायचा. पण दारात आलेल्या कुळाला ‘तू तूच कशावरून?’ असं त्याने कधी विचारलं नाही. तो प्रश्न विचारायला विज्ञानाला यावं लागलं.

*

प्रश्न तसा जुनाच आहे. १८५८ साली बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. सत्तावन्नचा वणवा नुकताच पेटून गेलेला, त्यामुळे नेटिवाच्या शब्दावरचा साहेबाचा विश्वास उडालेला. रस्त्याच्या खडीचा ठेका राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला द्यायचा होता. नुसत्या सहीवर साहेबाचं समाधान होईना. त्याने कोनाईच्या अख्ख्या पंजाला शाई फासली आणि पंजा करारावर उमटवून घेतला. कशासाठी? उद्या हा गडी ‘सही माझी नव्हेच’ म्हणून हात वर करील, तसं त्याच्या मनातही येऊ नये म्हणून. हा खुलासा साहेबाने पुढे स्वतःच करून ठेवला आहे. म्हणजे बोटांच्या ठशांची ही विद्या आपल्याकडे आली ती माणूस ओळखायला नाही, माणसाला धाक घालायला.

१८७७ साली हेच हर्शेलसाहेब हुगळीला मॅजिस्ट्रेट होते. तिथे त्यांनी पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. म्हातारा वर जातो, पेन्शन खालीच राहते आणि तिसराच कोणी ती उचलतो, हा सरकारी संशय तेव्हाही होता. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचं खातंच निघालं. लाखो ठशांतून नेमका ठसा हुडकायचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अंमलदारांनी बसवलं. पद्धतीला नाव मात्र पडलं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. राबणारा हात एकाचा आणि ठसा दुसऱ्याचा, ही प्रथाही तेव्हापासूनची.

१९४७ साली साहेब बोटीत बसून गेला. संशय इथेच विसरला.

*

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या आणि देशातला पहिला आधार क्रमांक या गावातल्या एका बाईंच्या हाती पडला. दहा बोटं, दोन डोळे आणि बारा आकडे. कल्पना झकास होती, उगाच खोटं कशाला बोला? गरिबाकडे जन्माचा दाखला नसतो, शाळेचा नसतो, घराचा उतारा नसतो. सरकार म्हणालं, काही नको, तुझं शरीर हाच तुझा कागद.

पण कागद कपाटात ठेवता येतो. शरीर रोज कामाला न्यावं लागतं.

कोयत्याने ऊस तोडणाऱ्याचा तळवा बघा. सिमेंट कालवणाऱ्या बाईची बोटं बघा. सोलापूरला, सिन्नरला वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांची टोकं बघा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्यांचे हात बघा, टरफलातला चीक कातडी जाळतो. मिठागरात उभी हयात घालवलेला आगरी म्हातारा बघा. या सगळ्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा कामाने पुसून टाकल्या आहेत. आता कीबोर्डवर बोट टेकवणाऱ्या माझा अंगठा बघा. लख्ख! एकेक वळण मोजून घ्या. यंत्र मला पहिल्या झटक्यात ओळखतं आणि वर ‘धन्यवाद’ म्हणतं.

थोडक्यात, शरीरकष्टाचं काम न केल्याचा इतका विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही. आणि नेमका तो पुरावा आपण कष्ट करणाऱ्याकडे मागतो, तोही दर महिन्याला, गव्हातांदळासाठी.

*

स्वस्त धान्य दुकानातला संवाद एकदा ऐकण्यासारखा असतो.

“मावशी, अंगठा नीट ठेवा.”

“ठेवलाय की.”

“दाबा जरा.”

“दाबलाय, आता मोडू का?”

“पदराला पुसा. आता केसांवरून फिरवा, थोडं तेल लागू दे. हां, ठेवा परत. नाही येत. दुसरं बोट द्या. तेही नाही. मावशी, तुम्ही येत नाही.”

“अरे, आलेय की. ही काय तुझ्या पुढ्यात उभी.”

“तुम्ही आलात हो. तुमचा अंगठा येत नाही.”

देह वेगळा आणि आपण वेगळे, एवढं समजवायला ज्ञानेश्वरांना नऊ हजार ओव्या लागल्या. ई-पॉस मशीनला एक बीप पुरतो.

दुकानदार मावशींना वीस वर्षं ओळखतो. त्यांच्या सुनेचं माहेर कुठलं, हेही त्याला ठाऊक असतं. रांगेतले सगळे त्यांना ओळखतात. ओळखत नाही ते फक्त यंत्र, आणि मत फक्त त्याचंच धरलं जातं. मग मावशी उद्या येतात. उद्या सर्व्हर डाऊन असतो. परवा सर्व्हर उठतो, तर रेंज झोपते. सातपुड्याच्या डोंगरात मशीन माणसांकडे जात नाही, माणसं रेंजच्या मागे मशीन घेऊन जातात. एका दिवसाची मजुरी अंगठ्यासाठी, दुसऱ्या दिवसाची सर्व्हरसाठी. धान्य आता फुकटच असतं. ते घ्यायला जाणं महाग पडतं.

*

‘अहो, असं क्वचित होतं,’ असं सुशिक्षित वाचक म्हणतील. क्वचित म्हणजे किती? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सादरीकरण केलं. सरकारी सेवांसाठी पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण त्यांनी सांगितलं ८८ टक्के.

आपण मार्कशीट बघायला चटावलेली माणसं. ८८ टक्के म्हटलं की पेढे आठवतात. पण विरारहून निघालेल्या शंभर लोकलमधल्या बारा चर्चगेटला पोचल्याच नाहीत, तर रेल्वेमंत्री ‘डिस्टिंक्शन मिळालं’ म्हणतील का? त्याच सादरीकरणात बँकांचा आकडा ९५ टक्के होता आणि मोबाईल कंपन्यांचा ९७. गंमत बघा, जिथे गिऱ्हाईक हवं असतं तिथे यंत्राची नजर तेज, आणि जिथे लाभार्थी नको असतो तिथे मोतीबिंदू.

२६ सप्टेंबर २०१८ ला १,४४८ पानांचा निकाल आला. चार विरुद्ध एक मताने आधार वैध ठरलं, कल्याणकारी योजनांसाठी ते मागण्यालाही मान्यता मिळाली. विरोधात गेलेलं एकमेव मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. यंत्र चुकतं म्हणून माणसाचा हक्क जाता कामा नये, असा त्यातला एक मुद्दा. चार विरुद्ध एक म्हणजे लोकशाही. अंगठ्याच्या परीक्षेत मात्र एक यंत्र विरुद्ध अख्खं गाव, आणि निकाल यंत्राच्या बाजूने.

*

आता म्हणाल, चोर तर पकडले गेले ना? पकडले की. बोगस कार्डं गळली, मेलेल्या आज्यांच्या नावावरची साखर थांबली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या अंगठ्याने काय साधलं ते अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडात रीतसर प्रयोग करून तपासलं. २०२० साली निष्कर्ष छापून आला : नुसती अंगठ्याची सक्ती आणल्याने गळती कमी झाली नाही, लोकांचा धान्य घ्यायला जाण्याचा खर्च मात्र वाढला.

यात नवल कसलं? यंत्र बाई तपासतं, तराजू तपासत नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. अंगठा ३५ किलोसाठी उमटतो, पिशवीत ३२ पडलं तर वरच्या तीन किलोंवर कोणाचा ठसा आहे, हे विचारणारं मशीन बहुतेक दुकानांत नव्हतं. चोर काउंटरच्या एका बाजूला आणि काचेचा डोळा दुसऱ्या बाजूला वळवलेला. याला तांत्रिक अडचण म्हणायचं, की धोरण?

अस्सल चोरांची तर चैनच झाली. २०१८ साली तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एका इसमाने टार्गेट गाठायला नामी युक्ती काढली. सरकारी संकेतस्थळावरचे जमिनीचे दस्त उतरवले, त्यांवरचे अंगठे घेऊन रबराचे ठसे बनवले आणि धडाधड सिमकार्डं चालू केली. पुढे अनेक राज्यांत सिलिकॉनच्या बोटांनी लोकांच्या बँक खात्यांतले पैसे गेले. शेवटी २०२३ मध्ये प्राधिकरणाला समोरचं बोट जिवंत आहे की बनावट, हे तपासणारी नवी यंत्रणा आणावी लागली.

खरा अंगठा यंत्राला ओळखता आला नाही. रबरी अंगठ्याला त्याने सलाम ठोकला. रबराला कधी उसाच्या फडात जावं लागत नाही ना!

*

आता वळू म्हाताऱ्यांकडे. दर नोव्हेंबरात पेन्शनराने आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की साहेब चष्म्यावरून बघायचा, ‘काय अण्णा, तब्येत काय म्हणते?’ विचारायचा आणि शिक्का मारायचा. १० नोव्हेंबर २०१४ पासून यावर डिजिटल इलाज आला. नाव ‘जीवन प्रमाण’. अंगठा ठेवा आणि जगत राहा. हर्शेलसाहेबाचा आत्मा हुगळीकाठी समाधान पावला असेल.

पण वय झालं की कातडी पातळ होते, सुकते, रेषा सपाट होतात. म्हणजे अंगठ्याच्या परीक्षेत नापास व्हायला जे वय सगळ्यात सोयीचं, त्याच वयात ही परीक्षा ठेवलेली. सातारच्या त्या मोहिमेत रात्री जागून लोकांचे अंगठे सोडवणारे कोणी मास्तर आज हयात असतील, तर नव्वदीकडे झुकले असतील. सुंदर वळणदार सही येते त्यांना. ती कोणी मागत नाही.

मग २०२१ मध्ये चेहरा दाखवायची सोय आली. मोबाईलपुढे बसा, चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकावा. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात परस्त्रीकडे बघून पापणी हलवली नाही, तो वयाच्या ऐंशीव्या वर्षी नातवाच्या फोनकडे बघून डोळे मिचकावतोय आणि आजी शेजारून ओरडतेय, “अहो, अजून एकदा, मेलात म्हणून येतंय!”

*

बायकांसाठी वेगळी व्यवस्था आहे. लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये. ते हात पसरून नाहीत, हक्काने आणि थेट खात्यात. नवऱ्यापुढे पैसे मागायला नकोत, हा त्यातला विचार. २०२५ मध्ये ई-केवायसी आली. बहिणीचा आधार क्रमांक टाका, ओटीपी द्या. झालं? छे. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाका आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी द्या. स्त्रीच्या स्वावलंबनाचे सहा आकडे नवऱ्याच्या खिशात वाजतात. तो शेतावर असतो, फोन बंद असतो, किंवा नवरा-बायकोचं बोलणं बंद असतं. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, अबोल्याची मुदत दोन पिढ्यांची. आणि ज्या बाईला नवराही नाही आणि बापही नाही, तिच्यासाठी रकाना कुठे आहे, हे आधी कोणाला सुचलंच नाही. विधवा महाराष्ट्रात नव्यानेच निघाल्यासारखी धावपळ झाली आणि मग मुदतवाढ.

*

मजुरांचंही ऐका. ‘मागेल त्याला काम’ ही देणगी महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो चुली पेटत्या ठेवल्या आणि शहरी नोकरदारांनी व्यवसाय कर भरून तिला हातभार लावला. तीच कल्पना २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. पागे यांच्या योजनेत सरकारने मजुराला विचारायचं होतं, ‘काम हवं का?’ आता ॲप विचारतं, ‘तुम्ही खरंच आहात का?’ २०२३ पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो सक्तीचा झाला. दुपारी घाम गाळून घरी गेलेली बाई फोटोसाठी पुन्हा कामावर येते, कारण खड्डा खणल्याची साक्ष खड्डा देत नाही, फोटो देतो.

आणि गैरप्रकार? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केलं की भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचे फोटो काढून हजेऱ्या लागतात. उपाय काय सुचवला? चढवलेले फोटो माणसांनी डोळ्यांनी तपासावेत. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं, यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस बसवला. मधल्या मध्ये मजुराची हजेरी तेवढी अडकली.

*

या सगळ्यात विनोद शोधणं सोपं आहे, कारण आपण रांगेत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडातल्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं, धान्य महिनोन् महिने बंद होतं. भुकेने गेली, असं घरच्यांचं म्हणणं. हिवतापाने गेली, असं सरकारचं म्हणणं. धान्य बंद होतं, याबद्दल मात्र दुमत नव्हतं. ‘एरर’ हा शब्द पडद्यावर फार निरुपद्रवी दिसतो.

म्हणून कोणी मला विज्ञानविरोधी ठरवू नये. याच अंगठ्याने ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातच्या रेशनकार्डांना एकमेकांच्या राज्यात धान्य मिळायची वाट काढून दिली. ऊस तोडायला परमुलखात गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानात धान्य मिळणं, ही सोय मोठीच. यंत्राचं काम ‘हो’ म्हणायचं असतं तेव्हा ते गुणी असतं. भांडण आहे ते ‘नाही’शी. यंत्राने ‘नाही’ म्हटलं की पुढे काय करायचं, हे कुठल्याच प्रयोगशाळेत ठरत नाही. ते सचिवालयात ठरतं. आणि तिथे इतकी वर्षं ठरलेलं आहे की चूक यंत्राची असली तरी हेलपाटा माणसाने घालायचा. ओटीपी, नोंदवही, शेजाऱ्यांची साक्ष असे पर्याय कागदावर आहेत. पण पर्याय वापरला की दुकानदारावर संशय येतो, त्यामुळे तो नोंदवहीपेक्षा मावशींना परत पाठवणं पसंत करतो.

तेव्हा तीन नम्र सूचना. पहिली : अंगठा उमटला नाही तर धान्य तिथल्या तिथे द्यावं, आणि यंत्राने तालुक्याला हेलपाटे घालावेत. दुसरी : सर्व्हरने दर महिन्याच्या एक तारखेला तहसीलदारासमोर उभं राहून हयातीचा दाखला द्यावा. तिसरी सूचना खर्चिक नाही, उलट सरकारचे पैसे वाचवणारी आहे. येत्या महिन्यापासून मंत्रालयातले सगळे पगार, आमदारांच्या मानधनासकट, अक्कलकुव्यातल्या एका रेशन दुकानाच्या ई-पॉस मशीनवर अंगठा लावून द्यावेत. अट एकच, मशीन बदलायचं नाही. ज्या बारा टक्क्यांचा अंगठा येणार नाही, त्यांनी केसांवरून बोट फिरवून उद्या यावं. उद्या सर्व्हर डाऊन असला, तर परवा.

दुसऱ्या पगाराच्या आत ते यंत्र बिनबोभाट चालायला लागेल, रेंज सातपुड्याच्या माथ्यावर पोचेल, पर्यायी नोंदवही सोनेरी बांधणीत येईल. तंत्रज्ञानात काडीचाही दोष नव्हता, हे सरकारचं म्हणणं तेव्हा मला मुकाट्याने मान्य करावं लागेल.